स्थळ कोण पाहतंय?

गेल्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या इंग्रजी कादंबरीवरून खडाजंगी झाली. वाचनालयाचा वरचा हॉल, पंधरा-सोळा माणसं, थर्मासमधला चहा. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या एका मुलानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की घर, वारा, झाडं यांचं वर्णन सुरू झालं की तो सरळ पान उलटतो आणि गोष्ट कळायला त्यानं काडीचंही अडत नाही. जुन्या कादंबऱ्यांतली वर्णनं छाटून दीडशे पानांच्या आवृत्त्या काढा, मग आमच्या वयाची पोरंही वाचतील, असं त्याचं म्हणणं. त्यावर मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई उसळल्या. “अहो, काय ती भाषा! माळरान डोळ्यांपुढे उभं राहतं. तेवढ्यासाठी तर वाचायचं!” हॉलमध्ये दोन तट पडले. तासभर एक तट ‘कंटाळा’ म्हणत राहिला, दुसरा ‘सौंदर्य’. मी दोघांवरही वैतागून घरी आलो. आवाज कितीही चढले तरी मूळ मुद्द्यावर दोन्ही तटांचं एकमत होतं: वर्णन म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर. एकाला ती नको होती, दुसरीला हवी होती, एवढंच.

माझं म्हणणं असं, की चांगल्या कादंबरीतलं वर्णन जागेचं नसतंच, ते पाहणाऱ्याचं असतं. घर कसं आहे हे सांगता सांगता सांगणारा स्वतः कसा आहे हे बोलून जातो, आणि बहुधा त्याच्या नकळत. म्हणून वर्णन गाळणारा निसर्ग गाळत नाही, माणूस गाळतो. आणि वर्णनाची नुसती वाहवा करणाराही तो माणूस पाहत नाही. या दोघांत मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते, कारण पहिल्याला निदान आपण काहीतरी सोडलंय हे ठाऊक असतं.

यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. आपल्या भाषेनं एका शब्दात दोन अर्थ कोंबून ठेवलेत: गोष्ट घडते ती जागाही स्थळ आणि लग्नासाठी पाहायचं तेही स्थळ. मुलाचं घर पाहून मंडळी परत येतात तेव्हा त्यांचं बोलणं ऐकावं. वडील म्हणतात, खाली दोन गाड्या आरामात लागतील. आई म्हणते, स्वयंपाकघराला खिडकी नाही आणि ओटा फार उंच आहे. मावशीच्या लक्षात राहतं ते शोकेसमधलं न फोडलेलं काचेचं सामान. आणि मुलगी बराच वेळ काही बोलत नाही, मग म्हणते, त्यांच्याकडे कोणाच्याही खोलीचं दार बंद होत नाही. फ्लॅट एकच, सातशे चौरस फुटांचा. पण या चार वाक्यांवरून त्या फ्लॅटचा नकाशा कोणाला काढता येणार नाही. त्या चार माणसांचा मात्र काढता येईल. कादंबरीकार यापेक्षा वेगळं काय करतो?

आता एमिली ब्राँटेची कादंबरी घ्या. १८४७च्या डिसेंबरात ती ‘एलिस बेल’ या पुरुषी टोपणनावानं प्रसिद्ध झाली आणि वर्षभरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, लेखिका वारली. पहिल्याच प्रकरणात १८०१ साली लॉकवुड नावाचा एक शहरी भाडेकरू आपल्या घरमालकाला, हीथक्लिफला, भेटायला ‘वुदरिंग हाइट्स’ या टेकडीवरच्या घरी जातो. घरामागची फरची झाडं वाऱ्यानं एका बाजूला कललेली, काटेरी झुडपांच्या फांद्या सगळ्या एकाच दिशेला, जणू उन्हाची भीक मागत असलेल्या. खिडक्या अरुंद आणि भिंतीत खोल, कोपऱ्यांना मोठाले दगड. दारावर कोरीवकाम, त्यात ‘१५००’ हा आकडा आणि ‘हेअरटन अर्नशॉ’ हे नाव. आमच्या कट्ट्यावरच्या मुलानं गाळलं ते हेच पान, आणि बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं तेही हेच.

पण हे सांगतोय कोण? लॉकवुड. स्वतःला मोठा एकलकोंडा, माणूसघाणा समजणारा हा गृहस्थ. त्याचा एकलकोंडेपणा किती खोल, तर समुद्रकाठी एका मुलीवर जीव जडला आणि तिनं उलट पाहताच गोगलगाईसारखा आत ओढला गेला. त्याला हे घर नाटकातल्या पडद्यासारखं ‘छान उदास’ वाटतं. दुसऱ्याच भेटीत तो कोपऱ्यातल्या उशीवरचा केसाळ ढीग पाहून घरातल्या तरुण स्त्रीला विचारतो, ही तुमची लाडकी मांजरं वाटतं? ते मेलेले ससे असतात. पुढची सगळी गोष्ट आपण ज्याच्या कानांनी ऐकणार आहोत, त्याला ससे आणि मांजरं ओळखता येत नाहीत, हे लेखिका इतक्या लवकर आणि इतक्या सहज सांगून टाकते. हे ‘वर्णन’ आहे की पात्रपरिचय?

आणि दारावरचं ते नाव. लॉकवुडला ते पाहून वाटतं, आडमुठ्या मालकाला या वास्तूचा इतिहास विचारावा. तो विचारत नाही, पुढे सरकतो, आणि वाचकही. पण हेअरटन अर्नशॉ नावाचा एक जिवंत तरुण त्याच घरात शेतगड्यासारखा राबतोय. तो त्या घराण्याचा शेवटचा वंशज. हीथक्लिफनं त्याला मुद्दाम अक्षरओळख होऊ दिलेली नाही. बरंच पुढे त्याला कोणी विचारतं की दारावर काय लिहिलंय, तर तो चिडून म्हणतो, कसलंतरी मेलं लिखाण आहे, मला वाचता येत नाही. स्वतःच्या नावाखालून रोज जाणारा आणि ते न वाचू शकणारा माणूस! काही प्रकरणांनंतर तो धाकट्या कॅथीला, त्याच घराण्यातल्या कॅथरिनच्या मुलीला, अभिमानानं सांगतो की आता मला ते वाचता येतं, आणि एकेक अक्षर जुळवत आपलं नाव वाचतो. ती विचारते, आणि आकडे? ते अजून येत नाहीत. ती हसते. त्या हसण्यानं त्याला जे लागतं ते, पहिल्या प्रकरणातली दोन ओळींची ‘सजावट’ गाळलेल्या वाचकाला लागणार नाही. दीडशे पानांच्या आवृत्तीत ती चौकट पहिल्या झटक्यात उडेल, कारण तिथे ‘काही घडत नाही’.

विरुद्ध बाजूचे काही मुद्दे मात्र खरोखर वजनदार आहेत, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पुष्कळ वर्णनं निव्वळ भरताड असतात. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायिका उद्यानात आली की कमळं उमलणार, कोकिळा गाणार, मंद वारा सुटणार, हे इतकं ठरलेलं की तो मजकूर एका पुस्तकातून उचलून दुसऱ्यात ठेवला तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. जे वर्णन एका पात्राकडून काढून दुसऱ्याच्या तोंडी सुखेनैव देता येतं, ते गाळावंच. दुसरं, माणूस कळतो तो कृतीतून आणि बोलण्यातून, हेही खरं. तमाशातल्या वगात पात्रानं एक गिरकी घेतली की ते दुसऱ्या गावात पोचतं, आणि ना झाडाची उणीव भासते ना वाऱ्याची. ‘वुदरिंग हाइट्स’ वाचली आहे त्यांना आठवत असेल की तिच्यातला मोठा भाग संवादांचाच आहे. आणि खुद्द तिच्यातही वर्णन घसरतंच: हीथक्लिफ घर सोडून जातो त्या रात्री ढगांचा गडगडाट होतो, झाड कोसळतं, धुराड्याचा भाग ढासळतो. ते वादळ मला आजही नाटकातल्या पत्र्याच्या गडगडाटासारखंच वाटतं.

पण यातून वर्णन गाळावं हा निष्कर्ष निघत नाही. वाईट संवाद आणि ओढूनताणून आणलेल्या घटना कादंबऱ्यांत काय कमी असतात? त्यावरून कोणी संवाद गाळून वाचा म्हणत नाही. वगात सोंगाड्याला गाव दाखवावं लागत नाही, कारण प्रेक्षक त्याला आपल्या डोळ्यांनी पाहतोय. कादंबरीत वाचकाला डोळे नाहीत. त्याला दुसऱ्याचे उसने घ्यावे लागतात, आणि उसने डोळे कोणाचे आहेत हे तर विचारायलाच हवं. पाहणं हीसुद्धा कृती आहे. हजार गोष्टींतून एकच नेमकी टिपणं ही निवड आहे, आणि निवडीइतकं माणसाला उघडं पाडणारं दुसरं काय असतं?

आपल्याकडे हे फार जुनं ज्ञान आहे, ते आपण शाळेत हरवलं. सातवाहन हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, एक प्रसिद्ध गाथा आहे. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: बाबा, आता निर्धास्त फिर. तुला त्रास देणारा तो कुत्रा गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं मारला. वरवर पाहिलं तर ही स्थळाची माहिती: गोदेचा काठ, दाट झाडी, तिथला सिंह. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा पुढे ठेवली. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला सिंहाची बातमी देऊन ‘निर्धास्त फिर’ म्हणणारी ही बाई त्याला खरं तर ‘इकडे फिरकू नकोस’ म्हणतेय, कारण ती झाडी तिची आणि तिच्या प्रियकराची भेटीची जागा आहे. सिंह आहे की नाही देव जाणे! पण त्या दोन ओळींत त्या बाईची हुशारी, गरज, धिटाई सगळं उतरलंय, आणि उतरलंय ते नदीकाठच्या ‘वर्णना’तून. पुढे काव्यशास्त्रानं चंद्र, वारा, उपवन यांना ‘उद्दीपन विभाव’, म्हणजे भावना चेतवणारी सामग्री, म्हणून एका खणात बसवलं, शाळेनं त्याचे अलंकार केले, आणि आपण ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, निर्जीव वस्तू सजीवासारखी वागली की चेतनगुणोक्ती, असं लिहून मार्क घेत मोठे झालो. उन्हाची भीक मागणाऱ्या त्या काटेरी फांद्यांना अलंकाराचं नाव देऊन पुढे जाता येतं. पण भीक मागतायत असं वाटलं कोणाला, हा प्रश्न कुठल्याही पेपरात येत नाही.

ब्राँटेकडे परत येतो. थ्रशक्रॉस ग्रेंज हे दरीतलं श्रीमंत घर आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते खिडकीतून. दोन मुलं अंधारात बागेतून धावत येऊन काचेला नाक लावतात. आत किरमिजी गालिचा, किरमिजी खुर्च्या, सोनेरी कडेचं पांढरंशुभ्र छत आणि मधोमध चांदीच्या साखळ्यांतून लोंबणाऱ्या काचेच्या थेंबांची जणू सर, बारीक मेणबत्त्यांनी लखलखणारी. परीक्षेच्या गाइडात याचं उत्तर तयार असतं: ग्रेंज म्हणजे संस्कृती, हाइट्स म्हणजे निसर्ग. पण थांबा. हे सांगणारा मुलगा हीथक्लिफ आहे, बारा-तेरा वर्षांचा, लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेला, मालक वारल्यावर घरातून गोठ्यात ढकललेला. त्याच दमात तो म्हणतो की हजार जन्म दिले तरी या घरच्या एडगर लिंटनच्या जागी मी जाणार नाही. आतली भावंडं एका कुत्र्याच्या पिल्लावरून रडत असतात, त्यांची तो टर उडवतो. पण छताची सोनेरी कड त्याला दिसली आहे. साखळ्या चांदीच्या आहेत हे त्याला दिसलं आहे. तुच्छता असलेला माणूस इतकं बारीक पाहतो का? ज्याला काहीच नको आहे त्याला झुंबराचा धातू आठवत नाही. पुढे हाच मुलगा दोन्ही घरं गिळंकृत करणार आहे, आणि त्या सगळ्या सुडाची पहिली नोंद इथे आहे, गालिच्याच्या रंगात. त्याच रात्री कुत्रा त्याच्यासोबतच्या मुलीचा, हाइट्सच्या मालकाच्या लेकीचा, कॅथरिनचा पाय धरतो, तिला आत नेतात, त्याला हाकलतात. खिडकी तीच, काच तीच. ती आत, तो बाहेर. वर्णन म्हणून एवढंच.

प्रतिमांचंही तसंच. या कादंबरीतली माणसं एकमेकांविषयी बोलताना पायाखालच्या जमिनीतूनच उपमा उचलतात, आणि प्रत्येक उपमेत बोलणाऱ्याचा स्वार्थ असतो. कॅथरिनचं ते सुप्रसिद्ध बोलणं: लिंटनवरचं माझं प्रेम रानातल्या पालवीसारखं, काळानं बदलणारं; हीथक्लिफवरचं खालच्या सनातन खडकांसारखं, डोळ्यांना सुख न देणारं पण आवश्यक. हे वाक्य लग्नपत्रिकांपासून कॉफीच्या मगांपर्यंत सगळीकडे वापरून गुळगुळीत झालंय. पण ती ते म्हणते कधी? पालवीशी लग्न ठरवून आल्यावर. खडक कुठे जाणार आहे, तो खालीच राहील, या भरवशावर. त्या एका प्रतिमेत तिचं प्रेम आहेच, आणि दोन्ही ताटांत जेवायची सोयही आहे. पुढे एडगरची बहीण इझाबेला हीथक्लिफच्या प्रेमात पडते तेव्हा हीच कॅथरिन तिला बजावते, की तो माणूस म्हणजे काटेरी झुडपं आणि काळा कातळ, नुसतं ओसाड रान. दोन्हीकडे दगडच. एकदा तो आधार होता, आता धोक्याची पाटी. दगड बदलला नाही, बाईची गरज बदलली. आणि हीथक्लिफ एडगरविषयी काय म्हणतो? त्याच्या उथळ काळजीच्या मातीत ती बरी होईल असं मानणं म्हणजे ओकवृक्ष कुंडीत लावून तो वाढेल म्हणणं. ऐकायला बाणेदार आहे. पण मातीचा दोष काढणारा हा माणूस त्या झाडाच्या मुळाशी स्वतः काय ओततोय हे सोयीस्करपणे विसरतो.

इथे तिसरा पक्ष पुढे येतो, आणि तो कट्ट्यावरच्या दोन्ही तटांपेक्षा विद्वान आहे. त्याचं म्हणणं, प्रदेशच माणूस घडवतो. तो वारा, ती माती, म्हणून ही माणसं अशी. हे खुद्द एमिलीच्या बहिणीनं सुरू केलं. १८५०च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना शार्लटनं पुस्तकाच्या रांगडेपणाबद्दल जवळजवळ माफीच मागितली आणि कारण दिलं, की लेखिका त्या माळरानाचंच लेकरू होती. आपल्याकडे श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’सारख्या (१९५२) कादंबऱ्यांना ‘प्रादेशिक कादंबरी’ हे लेबल लागलं, तेव्हापासून आपणही हेच करतोय: कोकणातला तर खाजणासारखा, माणदेशातला तर दुष्काळासारखा, वऱ्हाडातला तर उन्हासारखा. ‘प्रदेश हाच नायक’ हे वाक्य किती परीक्षणांत वाचलं असेल! या मतात तथ्य आहे, हे मला नाकारायचं नाही. खडकाळ जमिनीतल्या माणसाचे हात आणि बागायतदाराचे हात वेगळे असतात, तशी बोलीही. पण या मताची सर्वांत धारदार मांडणी ब्राँटेच्या कादंबरीतच आहे, आणि ती ज्याच्या तोंडी घातली आहे तो माणूस पाहा.

कॅथरिनचा भाऊ हिंडली अर्नशॉ मरतो. ज्यानं हीथक्लिफला गुलामासारखं वागवलं तोच हा. अंत्ययात्रा निघण्याआधी हीथक्लिफ त्याच्या लहानग्या पोराला, हेअरटनला, टेबलावर उचलून घेतो आणि समाधानानं म्हणतो: आता तू माझा! बघू या, तोच वारा वाकवायला असला तर एक झाड दुसऱ्यासारखंच वाकडं वाढतं की नाही. आता पहिल्या प्रकरणातली ती कललेली फरची झाडं आठवा. तिथून हे वाक्य सोळा प्रकरणं दूर आहे. ‘लेखिकेनं झाड म्हणजे झाडच लिहिलं असेल, तुम्ही समीक्षक उगाच अर्थ काढता’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. इथे तो टिकत नाही. वारा, झाड, वाकणं या तिन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्या आहेत. माळावरचा वारा माणसाला वाकडं करतो, हा सिद्धान्त हीथक्लिफचा आहे. एका मुलावर तो त्याचा प्रयोग करायला निघाला आहे.

आणि प्रयोग फसतो. हेअरटन वाकत नाही. त्याच वाऱ्यात, त्याच घरात, त्याच शिवीगाळीत वाढून तो शेवटी वाचायला शिकतो, धाकट्या कॅथीबरोबर म्हाताऱ्या नोकराची, जोसेफची, लाडकी झुडपं उपटून फुलांचा वाफा करतो, आणि हीथक्लिफ मरतो तेव्हा त्याच्यासाठी मनापासून रडणारा एकटा तोच असतो. लॉकवुड १८०२च्या सप्टेंबरात परत येतो तेव्हा पूर्वी साखळी लावलेलं फाटक हाताच्या धक्क्यानं उघडतं आणि आतून फुलांचा वास येतो. टेकडी तीच, वाऱ्याची दिशा तीच. ‘प्रदेश माणूस घडवतो’ म्हणणाऱ्यांना या पुस्तकाचा आधार घेता येत नाही, कारण पुस्तक त्या मताला पुरती संधी देऊन मग खोटं पाडतं. १९३९च्या गाजलेल्या हॉलिवुडपटात हा उत्तरार्ध सरळ कापला आहे, हेअरटनची पिढीच नाही. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, आणि माळरान मात्र भरपूर! त्यानंतर जगाच्या डोक्यात ही कादंबरी म्हणजे वादळ, कडा आणि मिठी असं जे बसलं ते बसलंच. वर्णन राखलं आणि त्याचं उत्तर कापलं, की असं होतं.

गंमत म्हणजे पुस्तकात माळरानाची लांबलचक वर्णनं शोधायला गेलात तर फारशी सापडत नाहीत. ब्राँटेच्या हॉवर्थ गावावरच्या टेकडीवर टॉप विदन्स नावाचं एक पडकं घर आहे, आणि हेच ते घर म्हणून वाचक तिथवर चढत जातात. शेवटी ब्राँटे सोसायटीनं १९६४ साली तिथे पाटी लावली: ही इमारत धड होती तेव्हाही कादंबरीतल्या घराशी तिचं साम्य नव्हतं, फार तर जागा लेखिकेच्या मनात असेल. तरी लोक जातातच. मीही जाईन, पैसे जमले तर. पण माळरान शोधायचंच असेल तर मी बाराव्या प्रकरणातल्या बंद खोलीत शोधेन. आजारी, भ्रमिष्ट झालेली कॅथरिन दातांनी उशी फाडते आणि आतली पिसं चादरीवर पक्ष्यांप्रमाणे वेगळी मांडत बसते. हे टर्कीचं, हे रानबदकाचं, हे पारव्याचं, आणि हे टिटवीचं. टिटवीच्या पिसाशी ती थांबते. माळावर डोक्यावरून घिरट्या घालणारी टिटवी, मग हिवाळ्यात सापडलेलं तिचं घरटं, त्यात पिल्लांचे इवले सांगाडे. हीथक्लिफनं त्यावर सापळा लावला होता, म्हणून आईबापांना घरट्याकडे येता आलं नाही. आपल्याकडे टिटवी ओरडली की अशुभ मानतात. तिथे ती नुसतीच आठवण आहे, पण आठवणीच्या पोटात काय आहे बघा. तिचं मोकळं, रानटी, सुंदर बालपण ती आठवतेय, आणि त्या बालपणाच्या मधोमध भुकेनं मेलेली पिल्लं आहेत. हीथक्लिफ क्रूर आहे हे तिला तेव्हापासून माहीत होतं. हे तिला कोणी विचारलेलं नाही, ती कोणाला कबूल करणार नाही. पिसानं ते बाहेर काढलं.

लांबी हा तर मुद्दाच नव्हे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) घ्या. युरोपातून मुंबईकडे येणारी आगबोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा, आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. बेडेकर बोटीचं वर्णन करत बसत नाहीत. पण ती गोष्ट जमिनीवर घडूच शकत नाही. चक्रधरला मुंबईला उतरायचं आहे, म्हणून त्याला समुद्र म्हणजे सुट्टी. हॅर्टाला कुठेच उतरायचं नाही, तिला समुद्र हाच पत्ता. एकाच डेकवर उभ्या असलेल्या दोघांना दोन वेगळे समुद्र दिसतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) ती धनगरांची वस्ती आपल्याला दिसते ती बाहेरून आलेल्या कोवळ्या मास्तराच्या नजरेतून. त्याचं बिचकणं, मग हळूहळू रुळणं, आणि शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडताना त्याच्या हाती काहीच नसणं हे सगळं त्याच्या पाहण्यात आहे. तिथे बैल कमी पडला म्हणून जुवाखाली खांदा देणारी बाई आहे. मास्तर त्यावर भाष्य करत नाही. त्याची शिकलेली लाज त्या न बोलण्यातच आहे.

पुढच्या महिन्यात कट्ट्यावर याच पुस्तकाचा उरलेला भाग आहे, आणि त्या मुलाला मी शेवटचं पान तेवढं गाळू नकोस म्हणून सांगणार आहे. तीन थडगी. मधलं कॅथरिनचं, करडं, हीदरच्या रानझुडपांत अर्धं बुडालेलं. एडगरचं, पायथ्याशी नुकतं शेवाळ धरू लागलेलं. हीथक्लिफचं अजून उघडं. त्याच्या थोडं आधी एक मेंढपाळ पोरगा रडत भेटतो. वाटेत हीथक्लिफ आणि एक बाई उभी आहे आणि मेंढरं पुढे जायला तयार नाहीत, असं तो सांगतो. लॉकवुडला ही सगळी गोष्ट सांगणाऱ्या नेली या मोलकरणीला तिथे काही दिसत नाही, पण हल्ली अंधार पडल्यावर बाहेर राहायला तिला आवडत नाही, हेही ती सांगून टाकते. लॉकवुड मात्र थडग्यांपाशी रेंगाळतो, हीदरवर भिरभिरणारे पतंग बघतो, गवतातून वाहणारा मंद वारा ऐकतो, आणि त्याला प्रश्न पडतो की इतक्या शांत मातीखाली कोणाला अस्वस्थ झोप लागत असेल असं कोणाच्या मनात तरी कसं येतं.

हे विचारणारा तोच, मेलेल्या सशांना मांजरं म्हणणारा.